इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या स्टोअरमध्ये बारकोड काढून आरएफआयडी लावावं का?

आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचले जाणारे टॅग, लावा, पण बारकोड काढू नका.

तुम्ही लिहिलंय की व्हेंडर म्हणतो, दारावर रीडर बसवला की स्टॉक आपोआप टॅली राहील. भोसरीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळताना मीही हेच ऐकलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या दारावर चार अँटेना लागले. पहिल्याच दिवशी सुट्या भागांच्या 42 रिळांची ट्रॉली एसएमटी लाइनकडे, म्हणजे बोर्डवर भाग बसवणाऱ्या लाइनकडे, निघाली, स्क्रीनवर 31. मागे घेऊन पुन्हा ढकलली, 34. साहेबांनी तिथल्या तिथे ठरवलं की स्टोअरची पोरं टॅग नीट चिकटवत नाहीत. तीन रात्री थांबून त्या पोरांनी टॅग लावले होते. दोघं मान खाली घालून उभी राहिली, ते मी आजही विसरलेलो नाही.

न वाचलं गेलेलं एक रीळ मी उचललं. आयसीला, म्हणजे चिपला, ओलावा लागू नये म्हणून फॉइलच्या चकचकीत पिशवीत सीलबंद. पिशवी फोडता येत नाही, म्हणून टॅग वरून फॉइलवरच आडवा चिकटवलेला. तो सोलला, अर्धा पिशवीला चिकटवला आणि अर्धा झेंड्यासारखा बाहेर उभा ठेवला. हातातला रीडर लगेच बोलला. साधा टॅग धातूला टेकला की त्याचा अँटेनाच बिघडतो, यात पोरांचा काय दोष? मी म्हटलं, "साहेब, फॉइल अडवतंय." उत्तर आलं, "तुम्ही स्टोअर बघा, टेक्निकल आम्ही बघतो." दोन महिन्यांनी व्हेंडरनेच तसे झेंडे लावले. पोरांना कोणी काही म्हणालं नाही.

उलटंही होतं. दाराजवळच्या रॅकवर पडून असलेली रिळं रीडर वाचायचा आणि सिस्टीममध्ये ती लाइनला इश्यू झालेली दिसायची. पॉवर कमी केली, रॅक सरकवला, तेव्हा थांबलं.

आणि "टॅली"चं म्हणाल तर टॅगला फक्त रीळ कोणतं ते कळतं, त्यात किती नग उरले ते कळत नाही. 10,000 रेझिस्टरचं रीळ लाइनवरून अर्धवट परत आलं तरी टॅग तोच. उरलेली संख्या बोर्डवर भाग बसवणाऱ्या पिक-अँड-प्लेस मशीनच्या खपातून घ्या, नाहीतर एक्स-रे काउंटरवर मोजा. हा आकडा ईआरपीत (कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) जात नसेल तर रीडरवर पैसे घालू नका. मशीनवर रीळ चढवायच्या शेजारशेजारच्या फीडरपैकी कोणत्यावर कोणतं रीळ चढलं, हेही दारावरचा रीडर सांगणार नाही. तिथे बारकोड स्कॅनच हवा.

खरा फायदा आम्हाला ड्राय कॅबिनेटवर, म्हणजे पिशवी फोडलेली रिळं कोरड्या हवेत ठेवायच्या कपाटावर, झाला. ओलाव्याच्या संवेदनशीलतेत लेव्हल 3 चा आयसी पिशवी फोडल्यावर 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेपर्यंत 168 तास बाहेर चालतो. आधी वेळ मार्करने पिशवीवर लिहायचो, आणि रात्रपाळीत ती लिहायची राहूनच जायची. मुदत उलटली की बेक करून ओलावा काढावा लागतो, पण प्लॅस्टिकचं रीळ 125 अंशांवर बेक करता येत नाही, 40 अंशांवर कित्येक दिवस अडकून पडतं, तोवर लाइन उपाशी. टॅग आल्यावर आत-बाहेरची वेळ आपोआप पडू लागली.

व्हेंडरला सांगा, डेमो तुझ्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर नको, आमच्या भरलेल्या रॅकवर दे, फॉइलच्या पिशव्यांसकट. रीडर 865 ते 868 मेगाहर्ट्झचाच घ्या. अमेरिकेसाठी बनलेला 902 ते 928 चा स्वस्तात मिळाला तरी इथे चालणार नाही. आणि त्या डेमोला स्टोअरच्या माणसाला बसवा. आमच्याकडे मला बोलावलं नव्हतं.

तयार मालाचं वेगळं. बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून जात असतील तर डिस्पॅचच्या दारावर हे छान चालतं. शिवाय माझा अनुभव छोट्या लॉटच्या कारखान्याचा आहे. तुमच्याकडे वर्षभर एकच बोर्ड चालत असेल तर रिळांची ने-आण कमी, मग एवढा खर्च आधी ड्राय कॅबिनेटपुरताच करून बघा.