डिशवॉशरच्या तळाशी पाणी राहतंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचं डिशवॉशर तीन वर्षांचं आहे. महिनाभरापासून भांडी धुऊन झाली की तळाशी चार बोटं गढूळ पाणी उरतं. पडद्यावर कधी ई-२४ येतं, कधी काहीच नाही. दुरुस्तीवाल्यांनी न बघताच 'पंप गेलाय, बदलावा लागेल' असं सांगितलं. बदलू का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : एवढ्यात नको. पंप जळालाय हे निदान सगळ्यांत शेवटी करायचं. बॉश आणि सीमेन्सच्या यंत्रांत ई-२४ म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट अडली आहे, बहुधा पाइप दुमडला किंवा तुंबला आहे. पंपात काही अडकलं किंवा त्याचं झाकण नीट बसलं नाही, तर ई-२५ येतो. एलजीच्या यंत्रांत निचऱ्याच्या तक्रारीला ओई हा एकच संकेत असतो.

सुरुवात बादलीपासून करा. सिंकखाली निचऱ्याचा पाइप जिथे जोडलाय तिथून तो सोडवा, टोक बादलीत धरा आणि कार्यक्रम रद्द करण्याचं बटण (बऱ्याच यंत्रांत सुरू करण्याचंच बटण) तीनेक सेकंद दाबून ठेवा. यंत्र मिनिटभर पाणी उपसतं. बादलीत पाण्याची जोरदार धार आली तर यंत्र ठणठणीत आहे, दोष सिंकखालच्या निचऱ्याच्या जोडणीत आहे. एका वेळी यंत्रात जेमतेम तीन-चार लिटर पाणी असतं, त्यामुळे साधी बादली पुरते.

धार आलीच नाही किंवा करंगळीएवढी आली, तर यंत्राकडे वळा. प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, उरलेलं पाणी कप आणि स्पंजाने काढून घ्या. खालचा रॅक बाहेर काढला की तळाशी जाळी दिसते. मधला नळकांड्यासारखा भाग फिरवून उचला, मग खालची चपटी बारीक जाळी काढा. आपल्या स्वयंपाकात ही जाळी भरायला फार वेळ लागत नाही: मोहरी, कढीपत्त्याचे देठ, चिंचेचा चोथा, आमसुलाची सालं, बाटलीवरून सुटलेलं लेबल. जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने घासा. जाळी उजेडासमोर धरल्यावर सगळी छिद्रं आरपार दिसली पाहिजेत. तारेची घासणी लावू नका, बारीक जाळी फाटते आणि मग खरकटं थेट पंपात जातं.

जाळीखालच्या खळग्यात पंपाचं छोटं झाकण असतं. बॉशच्या यंत्रांत ते चमच्याच्या टोकाने उचकटून निघतं; काही यंत्रांत एखादा स्क्रू असतो. आत पंपाचं पातं दिसेल. जाड हातमोजे घाला, कारण इथे सापडणारी नेहमीची वस्तू म्हणजे काचेचा तुकडा. टूथपिक आणि नारळाच्या शेंडीचे तंतूही सापडतात. तंतू पात्याच्या मुळाशी गुंडाळून बसतात, ते चिमट्याने सोडवा. मग पातं बोटाने फिरवा. ते सलग न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल. आत चुंबक असल्यामुळे तसंच व्हायला हवं. अनेक जण हे बघून पंप अडकलाय असं समजतात. उलट काहीच अडथळा न येता भिंगरीसारखं फिरलं, तर पातं दांड्यावरून सुटलेलं आहे आणि तेव्हा पंप खरंच बदलावा लागेल. झाकण परत बसवताना 'टक्' आवाज आला पाहिजे. ते सैल राहिलं तर पंप पाणी ओढू शकत नाही, आणि साफ करूनही तक्रार तशीच राहते.

एवढं करून पुन्हा बादलीची चाचणी घ्या. आता आवाजाकडे लक्ष द्या. पंप घरघरतोय पण पाणी येत नाही, तर अडथळा अजून पाइपात किंवा पात्यात आहे. पंप अगदी मुका असेल, तर वीजपुरवठा, वायरचा जोड किंवा पंपाच्या मोटरमधली तारेची गुंडाळी यांचा प्रश्न; हे मीटर लावून बघणाऱ्या माणसाचं काम. त्यांना 'पंप घरघरतो' किंवा 'पंप मुका आहे' एवढं नेमकं सांगितलंत तरी उगीच भाग बदलण्याची शक्यता कमी होते.

पाइपाच्या वळ्यांत तुपाचा थर साचतो. फक्त ३०-४० मिनिटांचा, कमी तापमानाचा झटपट कार्यक्रम रोज लावणाऱ्या घरांत हे जास्त होतं. पाइप काढून बाथरूममध्ये गरम पाण्याने धुवा आणि महिन्यातून एकदा ७० अंशांचा कार्यक्रम रिकाम्या यंत्रात लावा. नाली मोकळी करण्याची कॉस्टिक पावडर यंत्रात टाकू नका.

हो, आणि जाळीखालच्या खळग्यात कपभर स्वच्छ पाणी कायमच राहतं. त्याची चिंता करू नका.

प्रश्न : नवं यंत्र बसवलं. पहिल्या दिवसापासून पाणी बाहेर जात नाही. यंत्र बदलून मागू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी सिंकच्या बॉटल ट्रॅपवरचं (सिंकखालच्या बाटलीसारख्या भागावरचं) नोजल, म्हणजे यंत्राचा पाइप जोडायचं तोंड, बघा. नव्या ट्रॅपमध्ये ते आतून प्लास्टिकच्या पडद्याने बंद असतं किंवा त्यावर टोपी असते. प्लंबर तो पडदा कापायला किंवा टोपी काढायला विसरतात. मग यंत्र मागे सरकवताना पाइप दुमडला का, ते पाहा.

प्रश्न : आमचं यंत्र ड्राय बाल्कनीत आहे, पाइप नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या निचऱ्याच्या तोंडात) सोडलाय. पाणी साचत नाही, पण कार्यक्रम फार लांबतो आणि भांडी तेलकट राहतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची तक्रार उलटी आहे: पाणी नको तेव्हा निघून जातंय. पाइपाचं टोक जमिनीपाशी असल्याने भरलेलं पाणी सायफनने (खाली उतरणारं पाणी मागचं पाणी ओढत नेतं, तसं) आपोआप ओढलं जातं, यंत्र पुन्हा पुन्हा भरत राहतं आणि साबणही वाहून जातो. पाइप भिंतीवर वर नेऊन पुन्हा खाली सोडल्याने हे थांबेलच असं नाही, कारण टोक शेवटी खालीच राहतं. ४० मिमीचा पीव्हीसी पाइप नहाणीपासून उभा करा, त्याचं तोंड जमिनीपासून ४० सेंमी ते १ मीटरच्या दरम्यान ठेवा आणि यंत्राचा पाइप त्यात वरून अडकवा. भोवतीची फट बुजवू नका, तिच्यातून हवा आत गेली की सायफन तुटतो.

प्रश्न : डिशवॉशरमध्ये न ठेवलेल्या वस्तू, म्हणजे चहाचा चोथा, तळाशी सापडतात.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : सिंकचं पाणी उलटं येतंय. खात्री करायची असेल तर सिंक भरून एकदम सोडा आणि यंत्राचं दार उघडून तळाशी बघा. सिंकच्या खालची नाली अर्धवट तुंबली आहे, ती आधी मोकळी करा. मग यंत्राचा पाइप ओट्याच्या खालच्या बाजूला शक्य तितका उंच नेऊन क्लिपने बांधा आणि तिथून नोजलकडे उतरवा.

प्रश्न : टॅब्लेट संपल्या म्हणून चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घातलं. आता दारातून फेस येतोय आणि पाणी उपसलं जात नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पंपाला पाण्याऐवजी फेस ओढायला लागला की तो नुसताच घुमतो. कार्यक्रम रद्द करा, प्लग काढा, फेस वाडग्याने आणि जुन्या टॉवेलने काढा. मग दोन लिटर गार पाणी ओतून, प्लग लावून उपसायला लावा; फेस संपेपर्यंत तीन-चार वेळा हेच करा. गरम पाणी नको, त्याने फेस वाढतो. फेस तळाच्या ट्रेमध्ये उतरला असेल तर आतला तरंगता खटका वर उचलला जातो आणि पंप न थांबता चालू राहतो, बॉशमध्ये तेव्हा ई-१५ दिसतो. तसं झालं तर नळ बंद करून प्लग काढा आणि ट्रे पूर्ण कोरडा होईपर्यंत यंत्र लावू नका.