नाणे टाकून चालणारा जुना गॅस मीटर पहिल्यांदा उघडताना

जुन्या ब्रिटिश गॅस मीटरवर तुम्ही काम सुरू करणार असाल, तर स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी नाण्याचा मार्ग नीट समजून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. 1890 च्या दशकात लंडनच्या कामगार वस्त्यांत हे मीटर झपाट्याने पसरले, कारण तिमाहीचे बिल एकरकमी भरणे ज्यांना शक्य नव्हते त्यांना एका पेनीपुरता गॅस घेता येऊ लागला.

खाचेत नाणे नसेल तर मूठ नुसतीच फिरते. नाणे घातले की तेच मूठ आणि आतील दातेरी चाक यांच्यातील दुवा बनते, झडप उघडते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर नाणे खालच्या डब्यात खणकन पडते. पुढे गॅस जसजसा वापरला जातो, तसतसे मोजणी करणारे चाक त्याच झडपेला उलट दिशेने मिटत आणते. ही देवाणघेवाण मला आजही विलक्षण सुंदर वाटते.

एका नाण्याला किती गॅस मिळावा, हे ठरवणारे चाक बदलता येत असे. म्हणून ते काढण्यापूर्वी त्याचे दाते मोजून लिहून ठेवा. चाचणीसाठी 1971 पूर्वीचीच मोठी पेनी वापरा. खाच कानशीने कदापि रुंद करू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा घासू नका. मीटर गॅसच्या नळीला मात्र कधीही जोडू नका, कारण आतील चामड्याचे पडदे बहुधा वाळून तडकलेले असतात.