मस्टँग जीटी वळणात मागून सरकते, घट्ट वळणात पुढून वळत नाही. आधी काय बदलावं?

तुमची गाडी म्हणजे २०१६ ची मस्टँग जीटी, परफॉर्मन्स पॅकेज, मॅन्युअल गिअर, डॅलसमध्ये रोजच्या वापरात. हायवेच्या वळणदार रॅम्पवर काँक्रीटचा सांधा आला की मागचा भाग एकदम बाजूला सरकल्यासारखा वाटतो, आणि हळू, घट्ट वळणात पुढची चाकं वळायला तयार नसतात. गॅरेजवाल्याने लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंग) आणि जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) सुचवलेत. बजेट अडीच हजार डॉलर.

ते दोन्ही आत्ता घेऊ नका. तुमची पहिली तक्रार गाडी मऊ असल्याची नाही, मागचं क्रेडल, म्हणजे मागच्या सस्पेन्शनची चौकट, हलत असल्याची आहे.

२०१५ च्या मॉडेलपासून सगळ्याच मस्टँगना मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वरखाली होणारं) आलं. (त्याआधी ते फक्त १९९९ ते २००४ च्या कोब्राला मिळालं होतं, बाकीच्यांना सरळ अॅक्सल.) डिफरन्शियल (डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारा भाग) आणि चाकांना धरणारे मागचे सगळे आर्म एका पोलादी चौकटीला, म्हणजे क्रेडलला, जोडलेले असतात आणि ते क्रेडल चार मोठ्या रबरी बुशांवरून (उशीसारख्या रबरी तुकड्यांवरून) बॉडीला बसतं. डिफचा आवाज आणि रस्त्याचा दणका आत येऊ नये म्हणून हे रबर मऊ आहे. वळणात बाजूचा जोर येतो, त्यात खालून सांध्याचा धक्का बसला की अख्खं क्रेडल बॉडीखाली किंचित तिरकं होतं. त्यासोबत मागच्या दोन्ही चाकांची दिशा बदलते, म्हणजे गाडी थोडी मागूनही स्टेअर होते. जागेवरून जोरात निघताना मागची चाकं थडथडतात तेही बरंचसं याच ढिलाईमुळे. अशा गाडीला कडक स्प्रिंग घालणं म्हणजे पलंगाचा पाय डगमगतोय म्हणून गादी बदलणं.

खर्चाआधी गाडी लिफ्टवर घ्या. क्रेडल आणि बॉडी यांच्यामध्ये लांब पहार घालून दाबून बघा, किती हलतं ते डोळ्यांना दिसेल. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का, टो लिंकच्या (चाकाची दिशा धरणाऱ्या दांड्याच्या) बुशला चिरा आहेत का, टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. टायरमधली हवा थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. चार पाच पीएसआय कमी असले तरी मागचा भाग असाच लुळा वाटतो, आणि ही दुरुस्ती फुकट आहे.

मग क्रेडल लॉकआउट किट. बीएमआर, स्टीडा असे दोन-तीन नावाजलेले उत्पादक आहेत. बहुतेक किटमध्ये मूळ बुश काढावे लागत नाहीत. रबराच्या वरच्या आणि खालच्या पोकळीत अॅल्युमिनियमचे तुकडे बसतात आणि रबराला हलायला जागा उरत नाही. क्रेडल जॅकवर पेलून एका वेळी एकच बाजू सैल करा आणि तुकडा आत जाईल इतकीच खाली घ्या. चारही बोल्ट एकदम काढले तर क्रेडल जागा सोडतं आणि परत बसवताना घाम फुटतो. खाली घेताना ब्रेकच्या नळ्या, एबीएसच्या वायरी आणि हँडब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना यावर एकाने नजर ठेवावी. एक्झॉस्टचे रबरी हँगर आधीच सोडवा. बोल्टच्या भोकांत थोडी फट असल्याने क्रेडल कारखान्यातूनच किंचित एका बाजूला बसलेलं असू शकतं. अलाइनमेंट कॉलर असलेलं किट घेतलं तर ते मध्यावर येतं. बोल्ट किती जोराने आवळायचे तो टॉर्कचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

आवाज थोडा वाढेल, पण रोजच्या गाडीत चालण्याइतकाच. डिफचे बुश मात्र इतक्यात कडक करू नका. तिथला गुणगुणाट हायवेवर डोकं उठवतो आणि तुमच्या तक्रारीत त्याचा वाटा कमी आहे.

त्यानंतर मागची टो लिंक. चाक कुठे बघतं हे ती ठरवते आणि तिच्या टोकाला पुन्हा रबरच. वळणात ब्रेक लावल्यावर मागचा भाग डुलत असेल तर संशय इथे घ्या. रबराच्या जागी स्फेरिकल बेअरिंग (धातूचा गोलाकार सांधा) बसवलं की चाकाची दिशा टिकते. २०१८ च्या मॉडेलपासून फोर्डनेच मागच्या सस्पेन्शनची आडव्या दिशेची ताठरता वाढवली, म्हणजे जुन्या रचनेत काय कमी होतं ते त्यांनाही कळलेलं होतं. आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत लटकत असताना कधीच शेवटचे आवळू नका. चाकांवर गाडीचं वजन असताना आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी वाकड्या उंचीवर बसते आणि बुश काही महिन्यांत फाटतं.

आता अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. हे काम घाईने उरकणाऱ्या दुकानात करू नका. ‘रेंजमध्ये आहे’ हे उत्तर पुरेसं नसतं, छापील आकडे मागा. मागे कॅम्बर (चाकाचा वरून आतबाहेर कल, उणे म्हणजे आत) उणे १.२ ते उणे १.५ अंश आणि दोन्ही चाकं मिळून सुमारे ०.२० अंश टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली). मागे टो-आउट अजिबात नको. पुढे कॅम्बर साधारण उणे एक अंशाच्या आसपास असतो आणि तो वाढवायची सोय कारखान्याने जवळजवळ दिलेलीच नाही. घट्ट वळणात पुढचा टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो तो त्यामुळेच. पुढच्या स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागाच्या) वर कॅम्बर प्लेट बसवून रस्त्यासाठी उणे १.५ ते १.८ अंश आणि टो शून्य ठेवा. उणे अडीचच्या पुढे फक्त ट्रॅकवर जाणाऱ्यांनी जावं. आणि टो चुकला तर टायर कॅम्बरपेक्षा टोमुळे लवकर संपतो.

दुसऱ्या तक्रारीचं अर्धं उत्तर टायरमध्ये आहे. तुमच्या पॅकेजला पुढे २५५/४०, मागे २७५/४० अशी १९ इंची टायरं आहेत (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी). साधारण १,७०० किलोची, अर्ध्याहून जास्त वजन पुढे असलेली गाडी आणि पुढेच अरुंद टायर, मग ती पुढून निसटणारच. तुमची पुढची रिम ९ इंच रुंद आहे, तिच्यावर २७५/४० बसतं. एक जोडी घेऊन पूर्ण स्टेअरिंग वळवून आत कुठे घासत नाही ना ते आधी पाहा. चारही टायर सारखे झाल्याने रिमवरून उतरवून आलटून पालटून लावताही येतात. समर टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली पकड सोडतात, डॅलसच्या जानेवारीतल्या सकाळी हे विसरू नका. बजेटचा मोठा वाटा इथे जाईल आणि तो जावा.

पैसे उरले तर शॉक, स्प्रिंग नाही. ५० हजार मैलांनंतर मूळ शॉक दमलेले असतात. कोनी किंवा बिल्स्टीनचा चांगला सेट मूळ स्प्रिंगसोबतही गाडी बदलून टाकतो. (२०१८ नंतरच्या मॅग्नेराइडवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉकच्या, गाडीला हे लागू नाही, तिथे साधा शॉक लावला की डॅशबोर्डवर तक्रार येते.) पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग धड कॉम्प्रेसरशिवाय उघडू नका, जीव जाईल इतका जोर तिच्यात असतो.

स्प्रिंग घ्यायच्याच ठरल्या तर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नको. मॅक्फर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची कमी केली की खालचे आर्म वर तोंड करतात, आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. परिणामी कडक स्प्रिंग असूनही गाडी कलू पाहते, खड्ड्यात बंपस्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर) आदळते आणि त्याच क्षणी पकड जाते. भारतात उजव्या स्टेअरिंगची मस्टँग वापरणाऱ्यांनी तर पुण्यातले स्पीडब्रेकर आठवून हा विचारच सोडावा.

जाड मागचा बार आणखी शेवटी. तुमच्या पॅकेजमध्ये टॉर्सन डिफ (जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पाठवणारं) आहे आणि त्याला दोन्ही चाकांवर भार लागतो. मागचा बार फार कडक झाला की वळणातलं आतलं चाक हलकं होतं, टॉर्सन जोर वाटूच शकत नाही आणि चाक नुसतं फिरतं. गॅरेजवाल्याने सुचवलेला बार अॅडजस्टेबल असेल तर मऊ भोकापासून सुरुवात करा, तीही वरचं सगळं झाल्यावर.

स्टेअरिंगचा स्पोर्ट मोड फक्त हाताला जड लागतो, चाकं तितकीच वळतात. नॉर्मलवर ठेवून एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रॅम्पवर त्याच वेगाने तपासा. किट बसवल्यावर सुमारे ५०० मैलांनी क्रेडलचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा पाहा, आणि अलाइनमेंट त्यानंतरच पक्कं करून घ्या.