रानातला चाकवत: पान उलटून बघा

प्रश्न : बाई, नदीकाठच्या आमच्या रानात गहू भांगलताना चाकवतासारखी झाडं निघतात. सासूबाई म्हणतात, सगळा रानचाकवतच, खुशाल भाजी करा. ओढ्याकडेच्या एका झाडाला मात्र उग्र वास येतो. तीन डहाळ्या पाठवते आहे. भाजी करावी का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुमच्या डहाळ्या वर्तमानपत्रावर पसरून, भिंग घेऊन बसले. सासूबाईंचं पहिल्या डहाळीपुरतं अगदी खरं आहे. तिची कोवळी पानं उलटली की पिठूळ पांढरी भुकटी दिसते, बोटाला लागते. हा खरा चाकवत, शास्त्रीय नाव चेनोपोडियम अल्बम. अल्बम म्हणजे पांढरा, तो या भुकटीमुळेच. चेनोपोडियम म्हणजे हंसाचा पाय. पानाचा आकार बघा, पटेल. दुकानात महाग मिळणारा किनवा याच कुळातला, चाकवताचा चुलतभाऊ.

दुसरीचं पान गडद, चकचकीत, कडेला वेडेवाकडे मोठे दात. बी चोळून पाहिलं तर त्याची कड धारदार लागते, चाकवताची बोथट असते. हिलाही पूर्वी चेनोपोडियमच म्हणत. 2012 पासून वनस्पतिशास्त्रात वेगळ्या गटात घालतात. मी ही भाजीला घेत नाही.

तिसरी ओढ्याकडची. नुसतं बोट लावलं तरी हाताला वास राहतो. ही मूळची अमेरिकेकडची, आता आपल्या ओढ्यानाल्यांना रुळलेली. वासाच्या तेलात अ‍ॅस्करिडोल नावाचं द्रव्य असतं. पूर्वी जंतांवर हे तेल देत, पण मात्रा जास्त झाली की माणसं दगावत. हिला काही ठिकाणी चंदनबटवा म्हणतात आणि मंडईत त्याच नावाची भाजीही मिळते, तेव्हा नावावर जाऊ नका. ही डहाळी घरात नको.

पहिलीची मात्र जरूर करा. फुलोरा येण्याआधी शेंडे खुडा, उकळून पाणी टाकून द्या. चाकवतात ऑक्झलेट नावाचा क्षार असतो, मुतखडा असलेल्यांनी जपून खावं. मग घोटून ताक, बेसन, भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, वरून लसणाची चरचरीत फोडणी. आमची आई कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून जुडी आणायची, पण बांधावरच्या चाकवताची चव तिला वेगळीच लागायची. मलाही लागते.

गव्हावर तणनाशक मारलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मारलं असेल तर यंदा त्या रानातली भाजी खुडू नका. युरिया नुकताच टाकला असेल तरीही थांबा, चाकवत नायट्रेट साठवून ठेवतो.