कापूस विरघळवून त्याचा जेल किंवा धागा करता येतो का?

जिनिंगमधला आखूड, वाया जाणारा कापूस विरघळवून धागा होईल का, असं विचारलंय. नक्की होतो, आणि विदर्भात यावर काम व्हायलाच हवं.

कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजचे कण जोडून झालेल्या लांब साखळ्या. या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की पाण्यात तो भिजतो, विरघळत नाही. ब्युटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम क्लोराइड या आयनिक द्रवातला (म्हणजे वितळलेल्या मिठासारख्या, नुसत्या विद्युतभारित कणांच्या द्रवातला) क्लोराइड हे बंध सोडवतो. २००२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने १०० अंश सेल्सिअसला साधारण १० टक्के सेल्युलोज असं विरघळवून दाखवलं.

मिळतो तो पाकासारखा तार धरणारा दाट द्रव. बारीक सुईतून पाण्यात सोडला की आयनिक द्रव पाण्यात निघून जातो, साखळ्या पुन्हा जुळतात, धागा तयार. थाळीत पसरून पाणी हळूहळू मुरू दिलं तर जेल.

एक मात्र सांभाळा: ओल. हा द्रव हवेतली वाफ ओढतो, आणि पाणी आलं की कापूस विरघळत नाही. नागपूरच्या जुलैत माझ्या बीकरमध्ये नुसत्या गुठळ्या राहिल्या होत्या. कापूस आणि द्रव दोन्ही आधी नीट सुकवल्यावरच काम जमलं. हातमोजे घालाच. खरा खर्च येतो तो शेवटी पाणी उडवून द्रव परत मिळवण्यात.