फुलपाखरांचा मुलूख हवामान बदलामुळे सरकतोय, या दाव्यावर किती विश्वास ठेवावा?

दावा युरोपातला असेल तर ठेवा. विदर्भातला असेल तर सांगणाऱ्याची वही आधी मागा.

हा प्रश्न मला बोचतो, कारण असा एक 'पुरावा' म्हणून मी स्वतः पेपरात छापून आलोय. वरुडकडे माझी संत्र्याची बाग आहे, थोडी पन्हेरी, म्हणजे रोपवाटिकाही करतो. काही वर्षांपूर्वी चार दिवसांची झड उघडली त्या दुपारी जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या लिंबाच्या) वाफ्यावर एक भलंमोठं काळं फुलपाखरू उतरलं. मागच्या पंखांवर निळी झाक. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ पासून ते राज्याचं फुलपाखरू आहे, त्यामुळे चित्र ओळखीचं होतं. मोबाइलवर फोटो काढला आणि मोठ्या कौतुकाने साळ्याला पाठवला. साळेबुवा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. चौथ्या दिवशी बातमी, माझ्या फोटोसकट: तापमानवाढीमुळे सह्याद्रीचं फुलपाखरू विदर्भात!

मी फुलपाखरू पाहिलं होतं, तापमानवाढ नाही. गावात महिनाभर लोक मला 'पाखरूवाले' म्हणत होते.

साळेबुवांना फोन केला तर म्हणाले, "भाऊजी, आपल्याकडे याची नोंद कुठे होती?" अहो, नोंद करायला आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आलं कोण होतं? यांचा दुसरा हुकमी पत्ता म्हणजे जुनी यादी. नागपूरच्या अजब बंगल्यातल्या (म्हणजे तिथल्या संग्रहालयातल्या) डी'ॲब्रू साहेबांनी १९३१ मध्ये मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी छापली, १७७ जाती. २०११ मध्ये विदर्भाची यादी आली, १६७. साळेबुवा भाषणात सांगतात, दहा जाती उष्म्याने गेल्या. मध्य प्रांत म्हणजे जबलपूर आलं, रायपूर आलं. दोन वेगळ्या आकाराची वावरं मोजून उत्पन्न घटलं म्हणणारा कास्तकार मी तरी पाहिला नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. पन्हेरीतल्या पाच अळ्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, रोज जंबेरीचा कोवळा पाला. ही अळी लहान असताना हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी. काडीने डोक्यामागे टोचलं की दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि आंबूस भपका सोडते. बायकोने बरणी स्वयंपाकघरातून पडवीत हाकलली. एक अळी मेली, तिघींतून नेहमीची लिंबावरची फुलपाखरं निघाली, आणि एकीतून नीलवंत. उडतं फुलपाखरू वाऱ्यानेही येतं, त्याला पाहुणा म्हणा. पण अळी सापडली तर संसार इथेच आहे. हे मला बरणीने शिकवलं, सेमिनारने नाही.

पण संसार कधीपासून? आमच्याकडे कलमं बांधायला येणाऱ्या आजींना दाखवलं तर हसल्या. "हे त आमी लायनपनापासून पाहून रायलो, नाल्याच्या काठानं. कोनं इचारलं होतं काय आमाले?" मी लगेच साळ्याला कळवलं. ते म्हणाले, म्हातारीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. बरोबर आहे. मग तुमच्या भाचीच्या बापाचा मोबाइल फोटो कसा काय पुरावा झाला?

शिवाय ही जात लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. आमच्याकडे संत्रा वाढला, ठिबक आलं, उन्हाळ्यातही हिरवा पाला मिळू लागला. जेवण वाढलं म्हणून पाहुणे वाढले की ऊन वाढलं म्हणून, हे वेगळं काढल्याशिवाय तोंड उघडू नये.

ते वेगळं काढता येतं. कॅमिल पार्मेसान या जीवशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर अमेरिकेत एडिथ्स चेकरस्पॉट या फुलपाखराची जुनी ठिकाणं पुन्हा पालथी घातली आणि जिथे अधिवासच उद्ध्वस्त झाला होता ती हिशेबात धरली नाहीत. १९९६ मध्ये छापलं: मेक्सिकोकडच्या वस्त्या कॅनडाकडच्यांपेक्षा चौपट प्रमाणात संपलेल्या. १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत युरोपातल्या ३५ स्थलांतर न करणाऱ्या जाती तपासल्या. ६३ टक्के जाती ३५ ते २४० किलोमीटर उत्तरेला सरकलेल्या, दक्षिणेला फक्त ३ टक्के. नुसता योगायोग असता तर दोन्हीकडे सारख्या पांगल्या असत्या. याला मी पुरावा म्हणतो. आणि उलटी बाजूही बघा: २००१ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ जातींचा हिशेब आला. तिथे त्यांची उत्तरेकडची हद्द जवळ, म्हणजे उष्म्याने त्या फोफावायला हव्या होत्या. तरी तीन चतुर्थांश जाती घटल्या, कारण राहायची जागाच उरली नव्हती.

आपल्याकडे असा हिशेब बसवणं अवघड. बऱ्याच जातींच्या मुलखाच्या आपण मधोमध बसलोय, काठावर नाही. आणि इथे गणित पाऱ्यापेक्षा पाऊस जास्त ठरवतो. डोंगर चढून जायचं म्हटलं तर चिखलदरा हजार-अकराशे मीटर, त्यापुढे फुलपाखराने जायचं कुठे?

यावरून मी हवामान बदल नाकारतो असा अर्थ कृपया काढू नका. संत्र्याच्या आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळगळ मी दरवर्षी भोगतो. माझं म्हणणं माझ्या फोटोपुरतं आहे.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर एकच धुरा धरा, दर आठवड्याला त्याच वेळी तेवढंच चाला आणि काही दिसलं नाही तरी तारीख लिहा. साळेबुवांना हे तीनदा सांगितलं, त्यांना वेळ नसतो. माझ्या वहीत आता तीन पावसाळे झालेत. नीलवंत पहिल्या वर्षी अकरा वेळा, दुसऱ्या वर्षी चार, यंदा एकदाही नाही. पोळ्याला साळेबुवा घरी आले तेव्हा वही पुढ्यात ठेवली. चष्मा वर करून म्हणाले, "बघा भाऊजी, आता इथूनही वर सरकलं."