नजर कमी होत असताना मातीकाम शिकता येईल का?

हो, शिकता येईल, आणि केवळ विरंगुळा म्हणून नव्हे. तुम्ही लिहिले आहे की डोळ्याच्या पडद्याच्या विकारामुळे नजर अरुंद होत चालली आहे आणि घरच्यांच्या मते आता नवीन कला शिकण्यात अर्थ नाही. मलाही रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू नजर घालवणारा विकार आहे. आज उजेड आणि अंधार यांपलीकडे मला फारसे दिसत नाही, तरी मातीकाम नियमित चालू आहे.

सुरुवात चाकावर न करता हाताने घडवलेल्या वाटीपासून करावी. मातीचा गोळा तळहातात धरून मध्ये अंगठा रोवायचा आणि अंगठा आत, बोटे बाहेर ठेवून, गोळा थोडा थोडा फिरवत कड दाबत जायची. अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये जेवढी माती जाणवते तेवढी भिंतीची जाडी. ती डोळस कारागीरही चाचपूनच ठरवतो. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे पाहण्यासाठी दोन्ही तळहात समोरासमोर एकाच वेळी टेकवावेत, कारण एका हाताने आळीपाळीने चाचपले तर लहान फरक निसटतो. वाटी जमली की मातीच्या वळ्या एकमेकींवर रचून उंच भांडे करता येते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओरखडे काढून, मातीचा पातळ लगदा लावून, वळी दाबून बसवावी आणि बोट फिरवून फट राहिली नाही याची खात्री करावी.

वाळण्याची पारखही स्पर्शानेच होते. ओलसर वस्तू गालाला गार लागते, कारण पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते. हा गारवा पूर्ण गेल्याशिवाय वस्तू भट्टीत देऊ नये, कारण आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटू शकते. भट्टी भरण्याचे आणि पेटवण्याचे काम मी डोळस सहकाऱ्याकडेच सोपवते. शाडू माती आपल्याकडे सहज मिळते, परंतु न भाजलेली वस्तू ठिसूळ राहते आणि पाण्यात विरघळते, म्हणून टिकाऊ कामासाठी टेराकोटाची, म्हणजे भट्टीत भाजून पक्की होणारी माती घ्यावी.

आहे ती नजर वापरायची असेल, तर फिक्या मातीखाली गडद कापड अंथरावे. हत्यारे काठ असलेल्या ताटात ठरलेल्या जागी ठेवावीत. सांडलेली कोरडी माती कधीही झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते.

घरच्यांना चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याविषयी अवश्य सांगा. १९५०च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरी त्यांनी कागदाची कोलाजे व लहान शिल्पे केली आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात सिरॅमिक टाइल्सचे भित्तिचित्र साकारले. त्याही पूर्वी, सतराव्या शतकात, इटलीतील शिल्पकार जोव्हानी गोनेल्ली दृष्टी गेल्यानंतरही टेराकोटात व्यक्तिशिल्पे घडवत असे.

वर्ग निवडताना शिक्षकांना एकच प्रश्न विचारावा: ते काम करत असताना त्यांच्या हातांवर आपले हात ठेवू देतील का? याला तयार असणारा शिक्षक, अंध विद्यार्थ्यांचा पूर्वानुभव नसला तरी, मला अधिक योग्य वाटतो. तुमचे हात धरून हलवणाऱ्या शिक्षकाकडून दाब किती द्यायचा हे नीट समजत नाही.